चाकांवरच्या घराचें जोतें

आषाढ शुद्ध एकादशीला पांच-सहा दिवस उरले असतांना श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी बरडचा मुक्काम सोडून नातेपुत्यास येते. वाटेंत धर्मपुरीपाशीं ती सातारा जिल्ह्याची हद्द ओलांडून सोलापूर जिल्ह्यांत शिरते. पालखीचा रथ, त्याच्या पुढें सत्तावीस आणि मागें त्याहून किती तरी अधिक अशा दिंड्या, टाळमृदंगाचा गजर, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, हें दृश्य शहरांतील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें सहज उभें राहतें. परंतु त्याच दिवशीं, हा सारा मेळा अजून वाटेंत असतांना, नातेपुत्याच्या माळावर दुसराच एक मेळा येऊन ठेपलेला असतो. त्याच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. तो मेळा मालमोटारींचा.

प्रत्येक लहानमोठ्या दिंडीला अशा मालमोटारीचा आधार असतो, आणि जोडीला बहुधा पाण्याचा टँकर असतो. राहुट्यांचे बांबू व कापड, दीडदोनशें माणसांच्या वळकट्या, पिठाचीं पोतीं, काहिली, पातेलीं, गॅसच्या टाक्या, औषधांची पेटी, ताडपत्र्या, दिव्यांच्या तारा, एवढा संसार त्या गाडीच्या पोटांत असतो. पहांटे दिंडी पायीं निघाली कीं मागें राहिलेलीं माणसें राहुट्या उतरवून गाडी भरतात, पुढच्या मुक्कामाला जातात आणि तोच संसार पुन्हां मांडतात. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सुमारें अडीचशें किलोमीटरच्या वाटेवर अठरा-वीस दिवस हा क्रम चालतो. वारकरी पायीं चालतो आणि त्याचें घर चाकांवर त्याच्या पुढें जातें.

अलीकडे शहरांतील सुखवस्तु कुटुंबांत अगदीं निराळ्या हेतूनें चाकांवरचें घर घेण्याची हौस वाढूं लागली आहे. त्याला कोणी 'कॅराव्हॅन' म्हणतात, कोणी 'कॅम्पर' म्हणतात. मराठींत मोटारघर म्हटलें तर कोणाचें बिघडणार नाहीं. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा वाहनांतून होणाऱ्या पर्यटनाविषयीं धोरणहि जाहीर केलें. नुकतेच निवृत्त झालेले पतिपत्नी, किंवा सुट्टींत मुलांना घेऊन मुलूख पाहूं इच्छिणारे आईबाप, प्रथम चित्रें पाहतात. घडीचा पलंग, छोटा ओटा, खिडकीला पडदे, टपावर सूर्यप्रकाशापासून वीज देणारीं तावदानें. मग सुताराशीं बोलणें होतें, रंग ठरतो, आणि सरतेशेवटीं कोणी तरी विचारतो कीं हें सारें बसवावयाचें कोणत्या गाडीवर? हा प्रश्न शेवटीं यावा हीच मोठी चूक होय. विटांचें घर बांधणारा मनुष्य आधीं जोतें पाहतो. मोटारघराचें जोतें म्हणजे त्याच्या खालची गाडी. तें कच्चें निघालें तर वरचें लांकूडकाम मातीमोल होतें, आणि त्यांत गेलेला पैसा बहुधा प्रॉव्हिडंट फंडाचा असतो. तो पुन्हां मिळत नाहीं.

नातेपुत्याच्या आसपासच्या मुलुखांत फिरत्या घराची विद्या मोटारीहून फार जुनी आहे. फलटणकडचे धनगर पावसाळा सरल्यावर मेंढरें घेऊन कोंकणाच्या वाटेला लागतात. त्यांचें बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असतें. भांडीं, घोंगड्या, कोंबड्या, नुकतीं जन्मलेलीं कोंकरें आणि कधीं कधीं लहान मूलसुद्धां. अशा कामाच्या घोड्याची दौड पाहून काय करावयाचें? ओझें पाठीवर घेऊन तो दिवसभर शांतपणें चालतो कीं नाहीं, चढावर बिचकतो कीं काय, एवढेंच पाहावयाचें. मोटार घेणाऱ्या शहरी गिऱ्हाइकाला मात्र विक्रेता प्रथम अश्वशक्तीचा आंकडा ऐकवितो, आणि गिऱ्हाईक तो ऐकून खूष होतें. वास्तविक मोटारघराच्या कामांत अश्वशक्तीचा नंबर पहिल्या तिघांतहि लागूं नये.

पहिला विचार वजनाचा. मालमोटार माल उतरवून मोकळी होते. मोटारघर कधींच मोकळें होत नाहीं. तें महिनाभर अंगणांत उभें असलें तरी त्याच्या पाट्यांवर आणि टायरांवर ओझें रात्रंदिवस तसेंच असतें. हें ओझें किती, याचा अंदाज बहुतेकांचा निम्म्यानें चुकतो. अठरा मिलिमीटर जाडीच्या, आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा प्लायवूडच्या एका तक्त्याचें वजन तीस-पस्तीस किलो भरतें. पलंग, कपाटें व ओटा मिळून असे दहा तक्ते सहज खपतात. दोनशें लिटर पाणी म्हणजे दोनशें किलो. घरगुती गॅसची भरलेली टाकी तीस किलोंच्या घरांत जाते. विजेच्या सांठ्यासाठीं दोन मोठ्या बॅटऱ्या घेतल्या तर त्यांचे शंभराच्या वर. चार माणसांचे अडीचशें धरावेत. एवढ्यावरच बेरीज नऊशें किलोंच्या पुढें गेली, आणि अजून गाद्या, काचा, भांडीं, कपडे, स्टेपनी, हत्यारें व निघतां निघतां आजींनीं आठवणीनें ठेवलेली लोणच्याची बरणी यांचा हिशेब झालेलाच नाहीं. तो धरला म्हणजे बाराशें-तेराशें किलोंना कांहींच उशीर लागत नाहीं.

गाडीच्या नोंदणीपुस्तकांत दोन आंकडे दिलेले असतात. एक रिकाम्या गाडीचें वजन आणि दुसरें भारासहित जास्तीत जास्त किती वजन चालेल तें. या दोहोंतील फरक हीच गाडीची खरी ऐपत होय. ज्याप्रमाणें शहाणा संसारी मनुष्य पगार संपेपर्यंत खर्च करीत नाहीं, त्याप्रमाणें या ऐपतीचा निदान चौथा हिस्सा मोकळा ठेवावा. कारण घर वाढत जातें, तें कधीं आटत नाहीं. ज्या गाडींत बाराशें किलो भरावयाचे ती सोळाशें किलोंच्या ऐपतीची असावी. सामान चढविल्यावर वजनकांट्यावर जाऊन खात्री करावी. माळशिरस तालुका हा उंसाचा तालुका. येथें वजनकांट्यांना तोटा नाहीं, आणि शहरांतहि भंगारवाल्यांच्या वस्तींत कांटा मिळतोच. एकदां सगळी गाडी तोलावी, मग नुसतीं मागचीं चाकें कांट्यावर घेऊन तोलावींत. पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि कपाटें हीं सारीं मागच्या आंसाच्याहि मागें एका टोकाला गेलीं असतील तर पुढचीं चाकें हलकीं होतात आणि सुकाणूवरचा ताबा ढिला पडतो. एकूण वजन मर्यादेंत असूनहि गाडी धोक्याची होऊं शकते, ती अशी.

दुसरा विचार दुरुस्तीचा, आणि नातेपुत्याचा माळ त्याचें उत्तम शिक्षण देतो. समजा, एका दिंडीची मालमोटार बरड सोडून चार कोस आली आणि तिची क्लच प्लेट जळाली. वेळ दुपारची, आकाश भरलेलें. दोनशें माणसें पुढें चालत नातेपुत्यास पोंचणार, त्यांत निम्मीं साठीच्या पलीकडचीं. त्यांचीं कोरडीं लुगडीं, त्यांचीं औषधें, त्यांची संध्याकाळची भाकरी, सगळें त्या अडलेल्या गाडींत. गाडी जर रस्त्यावर नित्य दिसणाऱ्या जातीची असेल तर फलटणच्या किंवा अकलूजच्या दुकानांत तिची प्लेट मिळते, एखादा मिस्त्री रस्त्याच्या कडेलाच गिअरबॉक्स उतरवितो आणि दिवेलागणीनंतर कां होईना, राहुट्या उभ्या राहतात. गाडी दुर्मिळ असेल तर सुटा भाग पुण्याहून किंवा मुंबईहून यावयाचा, आणि तो बसविणारा जाणकारहि तिकडचाच. ती रात्र म्हाताऱ्या माणसांनीं पावसांत देवळाच्या ओसरीवर दाटीवाटीनें बसून काढावयाची, आणि पहांटे पुन्हां माळशिरसची वाट धरावयाची. दोन्ही गाड्या सारख्याच चांगल्या बांधलेल्या असतील. कदाचित् दुर्मिळ गाडी अधिक चांगली असेल. पण भरंवशाची कोणती, हें सांगावयास नको.

भरंवसा हा गाडीच्या अंगीं जितका असतो तितकाच रस्त्यावरच्या मिस्त्र्याच्या हातांत असतो. म्हणून गाडी पसंत करण्यापूर्वीं तिचें नांव घेऊन, मोठें शहर सोडून, तीन मध्यम गांवांतील गॅरेजांत चौकशी करावी. हिची क्लच प्लेट, पाण्याचा पंप, पुढच्या चाकाचें बेअरिंग, ब्रेकचे लायनर आज संध्याकाळपर्यंत मिळतील काय, एवढेंच विचारावें. दोन ठिकाणीं तरी सरळ होकार मिळाला पाहिजे. 'मागवून देऊं' हें उत्तर नकार समजावें.

अशा सर्वत्र दुरुस्त होणाऱ्या गाड्या एकाएकीं होत नाहींत. त्यांना पिढी दीड पिढीचा वावर लागतो. नातेपुत्याहून नीरा नदीपलीकडे वालचंदनगर आहे. त्या गांवाला ज्यांचें नांव मिळालें ते वालचंद हिराचंद सोलापूरांत १८८२ सालीं जन्मले. त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें डॉज व फार्गो नांवाच्या मालमोटारी बाहेर पडूं लागल्या. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, एस. टी. ची पहिली गाडी धांवली, ती बेडफर्डची होती. १९५४ सालीं टाटांनीं जर्मनींतील डायमलर-बेन्झ कंपनीशीं करार करून जमशेदपुरास मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. या काळांत एक पद्धत पक्की रुजली. कारखान्यानें इंजिन व चाकें यांसह नुसता सांगाडा, म्हणजे चासी, द्यावी आणि वरची बॉडी ज्याची त्यानें आपल्या कामाप्रमाणें बांधून घ्यावी. एस. टी. नें दापोडीच्या कारखान्यांत हेंच केलें. गांवोगांव हिंडणारे तमाशाचे फड आणि तंबूंतले सिनेमावाले यांनींहि तेंच केलें. रंगमंच, पेट्या, यंत्रें आणि माणसांची झोंप एकाच गाडींत बसविण्याचें कसब या प्रांताला नवें नाहीं.

'टेंपो' या शब्दाची गोष्टहि येथें सांगण्यासारखी आहे. १९५८ सालीं हांबुर्गच्या विडाल कंपनीच्या परवान्यानें बजाज टेंपो कंपनीनें तीन चाकांची मालगाडी बांधावयास घेतली. टेंपो हें तिचें विशेषनाम. पण मराठींत तें प्रत्येक लहान मालगाडीला असें चिकटलें कीं आतां तें काढूं म्हटल्यास निघणार नाहीं. त्याच कंपनीची मॅटाडोर पुढें खेडोपाडीं पोंचली आणि तिच्यामागून ट्रॅव्हलर आली. कंपनीनें २००५ सालीं फोर्स मोटर्स हें नांव घेतलें, पण प्रवासी अजून 'टेंपो ट्रॅव्हलर' च म्हणतात. १९८६ सालीं टाटांची ४०७ आली. आज मोटारघराचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबापुढें मुख्यतः या दोन घराण्यांतील गाड्या येतात. तिसरी टाटांचीच विंगर, जी २००७ सालीं निघाली.

या तिघींचे स्वभाव भिन्न आहेत. ४०७ च्या जातीच्या गाडीला चालकाच्या खोलीमागें शिडीसारखा उघडा पोलादी सांगाडा असतो आणि भारासहित तिचें वजन पांच टनांच्या आसपास जातें. तिच्यावर घराची पेटी स्वतंत्र बांधतां येते. उद्यां गाडी थकली तर पेटी उचलून दुसऱ्या सांगाड्यावर ठेवतां येते, हा फायदा लहान नव्हे. दोष असे कीं तिची जमीन उंच, त्यामुळें गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढउतार जड जातो. चाल कडक, आणि आंतल्या कपबश्यांना सुख नाहीं. सांगाड्यावर पेटी बसवितांना त्याच्या मुख्य दांड्यांना भोंकें पाडूं देऊं नयेत आणि तेथें वेल्डिंग मुळींच करूं देऊं नये. वेल्डिंगच्या आंचेनें पोलादाचा गुण त्या जागीं बदलतो आणि वर्ष-सहा महिन्यांनीं नेमकी तेथेंच चीर जाते. पेटी यू-बोल्टांनीं आवळावी आणि मध्यें लांकडाच्या किंवा रबराच्या पट्ट्या घालाव्यात. घाईंत असलेला कारागीर हें हंसण्यावारी नेतो. त्याच्यापाशीं उभें राहून करून घ्यावें.

ट्रॅव्हलरला बंद बॉडी तयारच असते आणि उंच टपाची घेतल्यास मनुष्य आंत ताठ उभा राहूं शकतो. तिची घडण जर्मन मालगाडीवरून आलेली, इंजिनाचें कूळहि मर्सिडिझचें. जोर मागच्या चाकांना असल्यामुळें मागें घर भरल्यावर घाटांत तिची पकड सुटत नाहीं. तीर्थयात्रांना आणि लग्नांना माणसें नेऊन नेऊन ती इतकी सर्वपरिचित झाली आहे कीं तिच्या दुरुस्तीला अडलें असें सहसा होत नाहीं. जुनी घ्यावयाची तर एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं भाड्यानें धांवलेली गाडी तीन-चार लाख किलोमीटर चालूनहि नव्यासारखी धुऊन विक्रीला उभी असूं शकते. विंगर चालीला तिघींत मऊ आणि जमिनीला खालची. पण तिला वेगळा सांगाडा नाहीं; पत्र्याची सगळी पेटी मिळूनच तिचा सांगाडा होतो. मोठी खिडकी किंवा टपांत झरोका कापला तर भिंतीबरोबर खांबहि कापला जाण्याची भीति. शिवाय तिचा जोर पुढच्या चाकांना आहे. मागें बोजा भरून ओल्या घाटांत चढतांना पुढचीं चाकें घसरूं लागतात. हलकें सामान आणि मोजकी कापाकापी यांवर भागत असेल तरच तिच्या वाटेला जावें.

युरोपांत मोटारघरांसाठीं पुढच्या चाकांचीच फियाट ड्युकाटो फार वापरतात, मग येथें आक्षेप कां, असें कोणी विचारील. १९८१ सालीं निघालेली ती गाडी तिकडे गल्लोगल्लीं माल वाहते, तिच्यावर मोटारघर बांधावयाचें म्हणून कारखाना खास रुंद सांगाडा देतो, आणि तिला दुरुस्त करणारा प्रत्येक गांवीं भेटतो. तिकडच्या लोकांनीं आपल्या रस्त्यावरची ओळखीची मालगाडी निवडली. इकडच्यांनीं तिचें नांव उचलण्यापेक्षां तिच्या निवडीची रीत उचलावी. दोन वृद्ध माणसांना वर्षांतून तीन-चार प्रवास करावयाचे असतील तर ट्रॅव्हलर बरी. नातवंडांसह सहा-सात माणसांचें बिऱ्हाड हालवावयाचें असेल तर सांगाड्याची गाडी घ्यावी आणि एक चांगली पायरी करून घ्यावी.

नवी घ्यावी कीं जुनी, हा वाद पूर्वीं पैशाचा होता. आतां तो धुराचाहि झाला आहे. १ एप्रिल २०२० पासून देशांत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना भारत स्टेज सहा हे कडक नियम लागू झाले. त्यांमुळें डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर काजळी अडविणारी गाळणी आली. गाळणींत सांठलेली काजळी जळून जाण्यास धूर चांगला तापावा लागतो, आणि त्यासाठीं गाडी मोकळ्या रस्त्यावर कांहीं वेळ सलग धांवावी लागते. दिंडीची गाडी दिवसाला वीस किलोमीटर जाते, तींहि गर्दींत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्यें. मोटारघराचेंहि पुष्कळदां असेंच असतें; गांवांतल्या गांवांत हलविणें, उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवणें. मग गाळणी तुंबते, चालकापुढें दिवा लागतो, आणि त्या दिव्याचें कारण शोधावयास यंत्रमापकें असलेलें मोठें वर्कशॉप लागतें. याचा अर्थ नवी गाडी वाईट असा नव्हे. तिचा धूर स्वच्छ आणि तिचे ब्रेक चांगले. तिच्या मालकानें आठपंधरा दिवसांतून एकदां अर्धा तास तिला मोकळ्या रस्त्यावर नेण्याचा नेम ठेवावा. ज्याला हा नेम पाळणें शक्य नाहीं, आणि ज्याचें फिरणें आडगांवांतच अधिक, त्यानें नियम बदलण्याच्या आधींची, नीट सांभाळलेली गाडी शोधावी.

जुनी गाडी शोधतांना तिच्या पूर्वायुष्याची चौकशी हा तिसरा विचार, आणि येथें घाई फार महाग पडते. उंसाच्या मुलुखांत जुनी मालमोटार स्वस्त मिळण्याचा संभव असतो. हंगामांत शेतांतल्या कच्च्या वाटेनें, मर्यादेहून अधिक ओझें घेऊन, रात्रंदिवस वाहिलेल्या गाडीचा सांगाडा आंतून शिणलेला असतो. इंजिन मात्र नवीन दुरुस्त केलेलें, आवाज गोड. गिऱ्हाईक इंजिन ऐकतें आणि फसतें. इंजिन बदलतां येतें. वांकलेला सांगाडा सरळ करून घेतला तरी त्याच्यावर घर बांधण्यांत शहाणपण नाहीं. म्हणून गाडीखालीं निजून पाहावें. चालकाच्या खोलीमागें आणि मागच्या पाट्यांच्या टेकूपाशीं वेल्डिंगच्या खुणा आहेत काय? सगळीकडे धूळ असतांना एवढ्याच भागावर ताजा काळा रंग कां? एका बाजूचे पाटे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने कां? मग एक लांब दोरी घ्यावी. पुढच्या डाव्या पाट्याच्या पिनेपासून मागच्या उजव्या पाट्याच्या पिनेपर्यंत ती ताणून गांठ मारावी, आणि तीच दोरी पुढच्या उजवीकडून मागच्या डावीकडे धरून पाहावी. दोन्ही कर्ण सारखे भरले तर सांगाडा चौकोनी आहे. दोन बोटांचा फरक पडला तर चहा घेऊन घरीं यावें. शाळेंत भूमिति शिकतांना तिचा उपयोग काय असें विचारणारीं मुलें असतात. त्यांना हें दाखवावें.

टायरांची गोष्ट थोडक्यांत. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहींत, पण म्हातारे होतात. टायरच्या कुशीवर लंबगोलांत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२१ असें असेल तर तो टायर २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यांत झाला. नक्षी कितीहि खोल असो, कुशीवर बारीक चिरा दिसल्या कीं बदलण्याचा खर्च किंमतींतून वळता करून घ्यावा.

कायद्याकडेहि दुर्लक्ष करून चालत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, कारखान्यानें ठरविलेल्या मूळ स्वरूपाला बाध येईल असा फेरबदल गाडींत परस्पर करतां येत नाहीं. तेव्हां सुताराला विसार देण्याच्या आधीं परिवहन कार्यालयांत जाऊन काय चालतें हें समजून घ्यावें, आणि विमा कंपनीलाहि लेखी कळवावें. भारासहित साडेसात हजार किलोंच्या आंतील गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवितां येते; वर सांगितलेल्या गाड्या त्या मर्यादेंत बसतात.

एवढें झाल्यावर गाडी चालवून पाहावयाची, आणि रिकामी पाहून उपयोग नाहीं. मालकाची परवानगी घेऊन हजार-बाराशें किलोंचीं पोतीं चढवावींत आणि चढावर न्यावी. नातेपुत्याच्या माणसाला शिखर शिंगणापूरची वाट जवळ आहे. पुण्याच्या माणसाला दिवे घाट आहे, ज्यांतून पालखीचा रथ आणि दिंड्यांच्या गाड्या दरवर्षीं चढतात. मध्यावर गाडी थांबवावी, हँडब्रेक लावावा आणि पुन्हां चढावरच उचलावी. क्लच जळका वास सोडतो काय, पाण्याचा कांटा लाल रेघेकडे सरकतो काय, हें पाहावें. उतरतांना ब्रेक तापल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाते काय, हेंहि पाहावें. माथ्यावर पोंचल्यावर इंजिन लगेच बंद करूं नये; पांच मिनिटें चालू ठेवून कांटा खालीं येतो कीं नाहीं तें पाहावें, कारण दिंडीची असो वा घरची असो, गाडीला गर्दींत उभें राहून तापण्याचाच प्रसंग अधिक येणार.

परत आल्यावर, पोतीं न उतरवितां, गाडी सपाट जागेवर स्वच्छ पुठ्ठे अंथरून रात्रभर उभी करावी. सकाळीं ती चार हात पुढें घ्यावी आणि पुठ्ठ्यांवरचे डाग पाहावेत. पुढच्या बाजूला काळा डाग असेल तर इंजिनाचें तेल. मध्यें किंवा मागच्या आंसाखालीं दाट, उग्र वासाचा असेल तर गिअरचें. हिरवट किंवा गुलाबी पाणी असेल तर रेडिएटरचें. यांपैकीं एखाददुसरा थेंब जुन्या गाडीला माफ करावा. चाकाच्या आंतल्या अंगाला ओल दिसली तर मात्र ती ब्रेकच्या तेलाची समजावी, आणि ती बंद करून, पुन्हां एक रात्र पुठ्ठ्यावर उभी करून पाहिल्याखेरीज मालकाच्या हातांत पैसे ठेवूं नयेत.